फॉरमॅट मारण्याआधी...

होस्टेलवर कुणाचा पीसी रुसला की शेजारच्या रूममधून एकच सल्ला येतो, "फॉरमॅट मार!" माझं म्हणणं, जरा थांबा. नवा ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर टाकल्यावर विंडोज बिघडलं असेल तर आधी सिस्टिम रिस्टोर करून बघा. २००० साली विंडोज एमईबरोबर आलेली ही सोय आजही विंडोजमध्ये आहे.

रिस्टोर पॉइंट म्हणजे रजिस्ट्री आणि सिस्टिम फाइल्सची त्या वेळची जपून ठेवलेली स्थिती. तिथे परत गेलं की नंतर टाकलेले प्रोग्रॅम, ड्रायव्हर जातात. प्रोजेक्ट रिपोर्ट, फोटो, गाणी मात्र जागच्या जागी राहतात. (डिलीट झालेला रिपोर्ट यातून परत येत नाही हं, त्यासाठी पेनड्राइव्हवर कॉपी हवीच.) विंडोज सुरूच होत नसेल तर रिकव्हरी स्क्रीनवरच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये हाच पर्याय सापडतो.

खरी गोम पुढेच आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये ही सोय पुष्कळदा बंदच असते, आणि ते कळतं सबमिशनच्या आदल्या रात्री! तेव्हा पीसी धड आहे तोवरच स्टार्ट मेनूत 'क्रिएट अ रिस्टोर पॉइंट' टाइप करा, सी ड्राइव्ह निवडा, 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन प्रोटेक्शन चालू करा आणि 'क्रिएट' दाबून पहिला पॉइंट लगेच बनवा.