विलगीकरण आणि बहिष्कार: फरक ओळखायला शिकू या



२०२० च्या मेच्या सुरुवातीला लॉकडाऊन सुरू होऊन सहा आठवडे होत आले होते. आधी १४ एप्रिल, मग ३ मे आणि नंतर १७ मेपर्यंत मुदत वाढली होती. या काळात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वस्त्यांमध्ये धान्य आणि औषधे पोहोचवण्याच्या निमित्ताने फिरणे झाले, उरलेला वेळ फोनवर लोकांशी बोलण्यात गेला. त्यातून एक गोष्ट सतत जाणवत राहिली. ‘अंतर ठेवा’ ही सूचना सगळ्यांनी ऐकली होती. पण अंतर कोणी कोणापासून ठेवायचे, किती दिवस आणि कशासाठी, हे फार थोड्यांना कोणी समजावून सांगितले. ही रिकामी जागा मग जुन्या सवयींनी भरून काढली. आजार रोखण्यासाठी जे विलगीकरण हवे होते, त्याच्या आडून काही ठिकाणी बहिष्कार सुरू झाला होता. हे दोन्ही दिसायला सारखे आहेत. दोन्हींत माणूस बाजूला बसवला जातो. म्हणूनच त्यांतला फरक नेमका काय, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

विलगीकरण म्हणजे काय?

‘क्वारंटाईन’ हा शब्द तेव्हा शाळकरी पोरांच्याही तोंडी होता. इटालियन भाषेत ‘चाळीस’ या अर्थाच्या शब्दापासून तो आला. प्लेगच्या भीतीने व्हेनिस बंदरात आलेली जहाजे चाळीस दिवस बाहेर थांबवून ठेवत, त्यावरून हे नाव पडले. म्हणजे या शब्दातच मुदत आहे. २०२० मध्ये कोरोनासाठी ती चौदा दिवसांची धरली होती. मार्चमध्ये राज्य सरकारने परदेशाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांना ते अपमानास्पद वाटले. पण त्या शिक्क्यावर एक तारीख होती. त्या तारखेनंतर तो माणूस इतरांसारखाच मोकळा.

विलगीकरणाच्या चार खुणा मी कार्यकर्त्यांना सांगते. एक, त्याला वैद्यकीय कारण असते: प्रवास, संपर्क किंवा तपासणीचा अहवाल. दोन, त्याला शेवटची तारीख असते. तीन, बाजूला ठेवलेल्या माणसाच्या जेवणाची, पाण्याची, औषधाची जबाबदारी बाहेरच्यांवर असते. चार, नियम सगळ्यांना सारखा असतो, आडनाव आणि धर्म पाहून तो बदलत नाही. या चारांपैकी एक जरी खूण गायब झाली, तरी ते विलगीकरण राहत नाही.

इस्लामपूरने काय शिकवले?

२३ मार्चला सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातले चौघे बाधित असल्याचे कळले. आठवडाभरात त्यांच्या संपर्कातले धरून आकडा पंचविशीच्या घरात गेला. त्या दिवसांत राज्यभरच्या बातम्यांत इस्लामपूरचे नाव होते. प्रशासनाने त्यांचा राहता भाग बंद केला, कोण कोणाला भेटले याच्या याद्या केल्या, आशाताई आणि आरोग्यसेवक घरोघर गेले, रुग्णांवर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यातले बहुतेक जण बरे झाले. तेव्हा सगळीकडे ‘इस्लामपूर पॅटर्न’चे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. कारण, मुदत, काळजी आणि सारखा नियम, या चारही खुणा तिथे होत्या.

पण त्याच दिवसांत आपल्या फोनवर दुसरेही काही फिरत होते. मार्चअखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीनची बातमी आली आणि तिने या भागातल्या कुजबुजीला जोर चढला. काही गावांत भाजीवाल्याला आधी नाव विचारायचे आणि मग भाजी घ्यायची, इथपर्यंत मजल गेली. त्या भाजीवाल्याने ना परदेश पाहिला होता, ना दिल्ली. त्याला बाजूला काढण्यामागे वैद्यकीय कारण नव्हते आणि कसली तारीखही नव्हती. याला आरोग्याची काळजी म्हणता येत नाही. आपल्या गटांवर असे मेसेज आले तेव्हा किती जणांनी थांबवले आणि किती जणांनी पुढे पाठवले, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

बहिष्कार कसा शिरतो?

एप्रिल २०२० मध्ये कानावर आलेल्या दोन गोष्टी सांगते. गावांची नावे मुद्दाम देत नाही.

एका तालुक्याच्या गावी भाड्याने राहणाऱ्या परिचारिकेला घरमालकाने आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगितले. २२ मार्चच्या संध्याकाळी पाच वाजता याच आळीने आरोग्यसेवकांसाठी थाळ्या वाजवल्या होत्या. ती सर्दीनेही आजारी नव्हती. तिचे कामच तिचा दोष ठरले.

दुसऱ्या गावात एक कुटुंब लॉकडाऊनच्या आधी मुंबईहून परतले. घरी चौदा दिवस काढले, आशाताई रोज येऊन ताप विचारून गेल्या, कोणालाही काही झाले नाही. पंधराव्या दिवशी त्या घरची बाई दळण घेऊन गेली, तर गिरणीवाल्याने डबा आत घेतला नाही. नळावर तिची घागर शेवटी. कोणी तोंडाने काही बोलत नव्हते, फक्त सरकून उभे राहत होते. तिची सासू फोनवर मला म्हणाली, “बाई, हे सरकून उभं राहणं मी लहानपणी बघितलंय.”

समाजशास्त्रज्ञ इर्विंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये ‘स्टिग्मा’ या पुस्तकात ही प्रक्रिया मांडली. माणसाला एखादी खूण चिकटते आणि मग लोकांना त्याचे बाकीचे सगळे दिसेनासे होते. तो शेतकरी, आई, शिक्षक काहीही असो, उरते ती फक्त खूण. आपल्या सासू-आजींना हे समजायला पुस्तकाची गरज पडली नाही.

कुष्ठरोगाचे उदाहरण तर आपल्या जवळचेच आहे. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे जुने रुग्णालय आहे. या आजारावर प्रभावी औषधे येऊन चाळीसहून अधिक वर्षे झाली. तरीही रुग्णांना वेगळे डांबण्याची सोय करणारा १८९८ चा कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात होता, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून काढून टाकायला २०१९ उजाडावे लागले. रोग बरा झाला, पण त्याच्या नावाने झालेला बहिष्कार पिढ्यान् पिढ्या उरला. कोरोनाच्या बाबतीत असे होऊ द्यायचे नसेल, तर ती काळजी आजच घ्यावी लागेल.

मसूरचे स्टेशन

‘सोशल डिस्टन्सिंग’ हे शब्द ऐकून आपल्यातल्या अनेकांना कसेतरी होते, ते उगाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २० मार्चपासून ‘शारीरिक अंतर’ असे म्हणायला सुरुवात केली. अंतर शरीरात हवे, माणसांच्या नात्यात नको, हे त्यामागचे कारण. आपल्या जिल्ह्याला तर नात्यातले अंतर काय असते ते चांगले ठाऊक आहे.

बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. १९०१ साली दहाएक वर्षांचे भीमराव भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघाले आणि मसूरच्या स्टेशनवर उतरले. पोरांची जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैल पोरांनीच हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. सोबत शिदोरी भरपूर होती, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून ती खाताही आली नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

वरच्या चार खुणा इथे लावून पाहा. आजार कोणालाच नव्हता. शेवटची तारीख नव्हती. जेवणपाण्याची जबाबदारी तर दूरच, पाणीच नाकारले. आणि नियम फक्त एका जातीला होता. अस्पृश्यता म्हणजे आजाराशिवायचे आणि मुदतीशिवायचे अंतर. म्हणून मास्क लावून तीन फुटांवरून एखाद्याला पाणी देणारा माणूस अंतर पाळत असला, तरी बहिष्कार घालत नाही. आणि पाणीच न देणारा मात्र घालतो, मग त्याने हात कितीही वेळा धुतलेले असोत.

१८९७: एक कायदा, एक बाई

मार्चमध्ये राज्यात साथरोग कायदा लागू झाला. हा कायदा १८९७ चा. मुंबई-पुण्यात प्लेग पसरला होता, तेव्हा इंग्रज सरकारने फेब्रुवारीत तो घाईने केला. त्याने अधिकाऱ्यांच्या हाती मोठे अधिकार दिले, पण आजाऱ्याची सेवा कोणी करायची याबद्दल तो फारसा बोलत नाही.

त्याच साली, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. सातारा जिल्ह्यातल्या नायगावची ही लेक तेव्हा पुण्याजवळ आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या मदतीने प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होती. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यातून त्यांना लागण झाली आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. त्यांनीही दवाखाना गावापासून दूर माळावरच उभारला होता, म्हणजे अंतराचे महत्त्व त्या जाणत होत्या. पण त्यांनी रोग्यांना दूर नेले ते उपचारासाठी. कोरोनाच्या दिवसांत आपल्याला कोणी पाठीवर घ्यायला सांगत नव्हते. मास्क लावून डबा दारात ठेवणे आणि रोज एक फोन करणे, एवढेच काम होते.

अंतर कोणाला परवडते?

अंतर ठेवण्यासाठी घर लागते, पाणी लागते, घरात महिन्याचे धान्य लागते. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या दुष्काळी पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या आहेत. तिथे ‘वारंवार हात धुवा’ हे वाक्य वेगळे ऐकू येते. एका खोलीत सात माणसे राहत असतील, तर ‘घरात विलग राहा’ म्हणजे नेमके कुठे?

एप्रिलमध्ये आपल्या भागातल्या दोन बातम्या आठ-दहा दिवसांच्या अंतराने आल्या. ९ एप्रिलला वाधवान कुटुंबीय आणि त्यांच्यासोबतचे, असे एकूण तेवीस जण खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचल्याचे उघड झाले. हाती गृह विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र होते. त्यांना पाचगणीत क्वारंटाईन केले गेले आणि त्या अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवले. त्याच वेळी पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर बीड-नगरकडचे सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर पाचटाच्या कोप्यांत अडकून पडले होते. गाळप संपलेले, गावाकडे म्हातारी माणसे एकटी. त्यांना परत जायची परवानगी मिळायला १७ एप्रिल उजाडला. विषाणू माणसात भेद करत नाही, असे सारखे सांगितले जाते. पण प्रवासाचे पत्र कोणाला मिळते, यात भेद असतोच.

धान्याचेही तसेच. २०२० मध्ये केंद्राच्या योजनेत रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ मोफत होता, शिवभोजन थाळी पाच रुपयांना झाली होती. केशरी कार्डावर तेव्हा माणशी तीन किलो गहू आठ रुपये दराने आणि दोन किलो तांदूळ बारा रुपये दराने मिळणार होते. पण वस्तीतल्या अनेकांना आपल्या वाट्याचे नेमके किती, हेच माहीत नसते. दुकानदार देईल ते घेऊन लोक घरी येतात. असे आकडे विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवणे, हे त्या दिवसांतले मोठे काम होते.

त्या दिवसांत

पाटण, जावली, माण, खटाव, शिराळा इथले किती तरी लोक मुंबईत कामाला आहेत. मे २०२० मध्ये पास मिळू लागले होते, म्हणजे ते परतणार होते. मार्चमध्ये अनेक गावांनी रस्त्यावर काट्या आणि दगड टाकून वेशी बंद केल्या होत्या. मुंबईहून येणाऱ्यांत आपले भाऊ-बहिणी होते, तसेच इतरांचेही होते. त्यांना शाळेत चौदा दिवस ठेवायचे असले, तर जरूर ठेवायचे होते. पण शाळेत पाणी कोण भरणार, डबा कोण देणार, संडास कोण साफ करणार, हे आधी ग्रामपंचायतीत ठरवून घ्यायचे होते. सफाईचे काम नेहमीच्याच घरांवर ढकलले जात असेल, तर तिथेच बोलायचे होते. आणि पंधराव्या दिवशी त्या माणसाला गिरणीवर, नळावर, दुकानात सोबत घेऊन जायचे होते. चौघांनी पाहिले की सरकणारे थांबतात.

कायदाही हाताशी असू द्या. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने साथरोग कायद्यात बदल झाला. आरोग्यसेवकाला मारहाण करणे, तसेच त्याच्या राहण्यात वा कामात अडथळा येईल असा छळ करणे हा आता दखलपात्र गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमातींवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. आणि आपल्याच समाजातल्या कोणाला वाळीत टाकले, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा शेवटचा कायदा आपल्यालाही लागू होतो, हे विसरू नका.

२०२० ची जयंती आपण घरात साजरी केली. मिरवणूक नाही, डीजे नाही, दारात एक दिवा आणि घरच्यांसोबत वाचन. एवढा मोठा समाज एका हाकेसरशी घरात थांबला, ही शिस्त लहान नाही. ७ मेची बुद्ध पौर्णिमाही घरीच करायची होती. त्या दिवशी खीर केली, की एक वाटी विलगीकरणातल्या घराच्या उंबऱ्यावर ठेवून यायची होती. तीन फूट मागे सरकायचे, आणि तो माणूस बाहेर येईपर्यंत तिथेच थांबून त्याच्याशी दोन शब्द बोलायचे.