मिरजेच्या माजघरातून मिथिलेला

अवचित सापडलेले दार आणि त्यापलीकडचे वेगळे जग ही अद्भुत कथांची वाट 1865च्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’पासून जगभर रुळली. त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी मिरजेत वेणाबाई नावाच्या बालविधवेला असे दार सापडले होते. ते होते एकनाथी भागवत, 1573 साली वाराणसीत पूर्ण झालेला ग्रंथ. ती पोथी वाचत बसली असताना भिक्षेला आलेल्या समर्थ रामदासांनी ‘वाचतेस ते समजते का?’ असे विचारले आणि तिने आपल्या शंका पुढे मांडल्या, असे समर्थ संप्रदायातली चरित्रे सांगतात. हा प्रसंग गुरुकृपेचा म्हणून सांगितला जातो. पण समर्थ दारात आले तेव्हा पोथी उघडलेली होती आणि शंका तयार होत्या. ओवीशी झटल्याशिवाय शंका पडत नाहीत, म्हणून या शोधाचे पहिले श्रेय वेणाबाईंच्या वाचनाला द्यायला हवे.

चरित्रे पुढे भक्तिभावाने लिहिली गेली, त्यावर किती विसंबायचे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच वेणाबाईंना विष घातल्याच्या आख्यायिकेपेक्षा मला त्यांचे ‘सीतास्वयंवर’ हे काव्य मोलाचे वाटते. जिची सावलीही मंगलकार्यात नको असे, तिने मिथिलेतला विवाहसोहळा रचला. त्यातले विधी, मानपान, बायकांची लगबग ती जवळून पाहिल्यासारखी सांगते. समाजाने नाकारलेल्या मांडवात ती शब्दांच्या वाटेने शिरली आणि तिथली यजमानीण झाली. स्वयंवरकाव्याची परंपरा होतीच, एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ आधीचेच, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण एकनाथ गृहस्थाश्रमी होते. तोच विषय केशवपनाच्या काळातली विधवा निवडते, तेव्हा त्या निवडीचा अर्थ बदलतो. समर्थांनी त्यांना उभे राहून कीर्तन करण्याची मुभा दिली, हेही त्या काळी मोठे धाडस होते.

एकांतामुळेच त्यांना ज्ञान लाभले, असा सोयीचा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. तसला एकांत असंख्य विधवांच्या वाट्याला आला, अक्षरओळख आणि पोथी फार थोड्यांच्या. वेणाबाईंचा मठ मिरजेत आहे, समाधी सातारच्या सज्जनगडावर. तिथे माथा टेकणाऱ्यांनी एकदा ‘सीतास्वयंवर’ही वाचावे.