चरबी उतरावी, स्नायू टिकावेत

शरीराला खर्चापेक्षा कमी ऊर्जा मिळाली की साठलेली चरबी वापरली जाते. प्रथिने अपुरी पडली आणि स्नायूंवर जोर आला नाही, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून नुसते चालणे-धावणे पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजने किंवा जोर-बैठका हव्यातच. दमसासाच्या व्यायामाचा अतिरेकही नको. अमेरिकी संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या 1980 च्या प्रयोगात ताकदीच्या सरावाला आठवड्याचे सहा दिवस कठोर सायकलिंग आणि धावण्याची जोड दिली होती. सात-आठ आठवड्यांनंतर पायांची ताकद वाढायची थांबली, पुढे घटली.

बेताचे चालणे मात्र बाधत नाही. भिवंडीत वऱ्हाळदेवी तलावाच्या काठाने अर्धा-पाऊण तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालले तरी भागते. यंत्रमागावर बारा तासांची पाळी उभ्याने काढणाऱ्याचे पाय आधीच थकलेले असतात. त्याने धावण्यापेक्षा जेवण आणि झोप सांभाळणे अधिक हिताचे. गोदामाच्या कचेरीत दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्याला चालण्याची खरी गरज.

वजन उतरवताना, व्यायामासोबत, शरीराच्या दर किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने घ्यावीत. 65 किलोच्या माणसाला 104 ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ती साधारण 22 ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा. वाटीभर पातळ वरणात डाळ थोडी, पाणीच फार. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.