म्हाताऱ्या मांजराचे सांधे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘वय झालं आता तिचं, म्हणून झोपून असते.’ बारा-तेरा वर्षांच्या मांजराबद्दल हे वाक्य पुण्यात सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात ऐकू येतं, तसंच बावधनच्या अकराव्या मजल्यावरही. बोलणाऱ्याचा जीव मांजरावर असतोच. पण या एका समजुतीपायी कितीतरी मांजरांची शेवटची वर्षं विनाउपचार दुखणं सोसण्यात जातात.

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हाताऱ्या मांजरांचे एक्स-रे पाहिले गेले. बारा वर्षांवरच्या मांजरांपैकी ९० टक्क्यांमध्ये सांध्यांची झीज आढळली. २०१० मध्ये आणखी एक अभ्यास आला. त्यात सहा महिन्यांपासून वीस वर्षांपर्यंतची १०० मांजरं होती आणि त्यांतल्या ९२ जणांच्या कुठल्या ना कुठल्या सांध्यात बिघाड दिसला. अर्थात झीज दिसली म्हणजे दुखतंच असं नाही. एक्स-रे खराब असूनही उड्या मारणारी मांजरं असतात आणि एक्स-रे जेमतेम बिघडलेला असताना पायरी चढायला नको म्हणणारीही असतात. म्हणून निदान निव्वळ फोटोवरून होत नाही. मांजर घरात कसं वागतं, हे डॉक्टरांना तितकंच कळावं लागतं आणि ते फक्त घरचीच माणसं सांगू शकतात.

‘दुखत असतं तर लंगडली असती, ओरडली असती,’ असं पुष्कळांना वाटतं. कुत्रं लंगडतं, कारण बहुधा त्याचा एक पाय जास्त दुखत असतो. मांजराची झीज बरेचदा दोन्ही बाजूंना सारखी असते. दोन्ही खुबे, दोन्ही गुडघे, दोन्ही कोपरं दुखू लागली तर लंगडायचं कुठल्या पायानं? शिवाय दुखणं लपवणं हा मांजराचा स्वभावच आहे. रानात एकट्यानं शिकार करणारा आणि स्वतःही मोठ्या जनावरांची शिकार होऊ शकणारा हा प्राणी, अशक्तपणा दाखवणं त्याला परवडणारं नव्हतं. घुरघुरण्यावरही विसंबू नये. मांजर सुखात घुरघुरतं आणि वेदनेतही घुरघुरतं.

मग ओळखायचं कसं? पशुवैद्यक सहा साध्या गोष्टी विचारतात : पळणं, वर उडी मारणं, खाली उडी मारणं, जिना चढणं, जिना उतरणं आणि हलत्या वस्तूमागे धावणं. यांतलं काय पूर्वीसारखं होतं आणि काय अडतं? ओट्यावर एका झेपेत जाणारी मनी आता आधी स्टुलावर चढते, थांबते, अंदाज घेते आणि मग वर जाते. खाली येताना भिंतीला पंजे घासत सरकते. पाठीवरचे केस गुंतलेले राहतात, कारण मान वळवून तिथपर्यंत जीभ पोचत नाही. खरवडणं कमी झाल्यानं नखं वाढतात, कधी वळून गादीत रुततात. कंबरेला हात लावला की फिस्कारते. यांतली एकेक गोष्ट किरकोळ वाटते, पण सगळ्या एकत्र दिसल्या तर त्याला नुसतं म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो लिटरबाहेर शू-शी करणाऱ्या मांजरावर. ‘मुद्दाम करते, राग काढते,’ असं म्हणून तिला ओरडा बसतो. उंच कडेच्या ट्रेमध्ये पाय टाकताना खुबा दुखत असेल, रेतीत वाकून बसताना गुडघे दुखत असतील, तर मांजर ती जागा टाळणारच. एका बाजूनं कड कापलेला रुंद ट्रे ठेवला आणि दोन मजली घरात प्रत्येक मजल्यावर एकेक ठेवला, की बऱ्याचदा हा प्रश्न तिथेच सुटतो. न सुटल्यास मूत्रमार्गाची तपासणी हवीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या घरात औषधांचा एक डबा असतो आणि कुणाला काही दुखलं की हात आपोआप तिकडे जातो. ‘लहान बाळाला देतो तेवढीशी क्रोसिन दिली तर काय होतंय?’ मांजर मरू शकतं. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल निकामी करून शरीराबाहेर टाकायला माणसाच्या यकृतात जी रासायनिक सोय आहे, ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. त्यामुळे औषधातून तयार होणारं विष रक्तातल्या तांबड्या पेशींवर घाला घालतं आणि त्यांना प्राणवायू वाहून नेता येत नाही. काही तासांतच हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. चार किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळीही जीवघेणी ठरू शकते. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट पाहू नये. उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. डॉक्टरांना औषधाचं नाव आणि किती दिलं ते न लपवता सांगावं.

आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक यांचीही तीच गत. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडं कशी संपत गेली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मेलेली गुरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि २००६ मध्ये देशात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. त्याला सुरक्षित पर्याय म्हणून पुढे आलेलं मेलॉक्सिकॅम हेच आज मांजरांच्या सांधेदुखीतलं एक प्रमुख औषध आहे. पण तेही मापात. दीर्घकाळ द्यायची नेहमीची मात्रा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे चार किलोच्या मांजराला दिवसाला ०.२ मिलिग्रॅम. माणसांची गोळी ७.५ मिलिग्रॅमची असते, त्या मात्रेच्या सदतीस पटींहून जास्त! कुत्र्यांसाठीचं द्रवऔषधही मांजरांच्या औषधाच्या तिप्पट तीव्र येतं. शेजारच्या लॅब्रॅडॉरची बाटली उसनी आणणं म्हणूनच धोक्याचं आहे.

मलम चोळणं निरुपद्रवी वाटतं. पण मांजर अंग चाटून स्वच्छ करतं, त्यामुळे लावलेलं सगळं पोटात जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ मध्ये एक इशारा दिला होता : घरातली माणसं स्वतःच्या दुखऱ्या अंगाला फ्लर्बिप्रोफेनचं मलम लावत होती, तेवढ्यानं दोन घरांतली पाच मांजरं आजारी पडली आणि तीन दगावली. मलम मांजरांना कुणी लावलंच नव्हतं. आजोबांच्या गुडघ्याला काही चोळलं असेल तर हात धुवावेत, तो भाग झाकावा, मांजराला मांडीवर थोड्या वेळानं घ्यावं.

दुसऱ्या टोकाचा गैरसमजही तितकाच नुकसान करतो : ‘वेदनाशामकांनी किडन्या जातात, त्यापेक्षा औषध नकोच.’ भीती निराधार नाही. अमेरिकेत २०१० पासून मेलॉक्सिकॅमच्या पाकिटावर मांजरांना वारंवार दिल्यास मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, असा ठळक इशारा आहे. युरोपात मात्र २००७ पासून कमी मात्रेत दीर्घकाळ वापरायला परवानगी आहे. या दोन्ही गोष्टी ध्यानात घेऊनच डॉक्टर आधी रक्त आणि लघवी तपासतात, जमेल तितकी कमी मात्रा ठरवतात आणि ठरावीक काळानं पुन्हा तपासतात. मांजर जेवत नसेल, उलट्या होत असतील, तर औषध थांबवून फोन करायचा. मेलॉक्सिकॅम चालत नसेल तर गॅबापेंटिनसारखे दुसरे मार्ग आहेत. महिन्यातून एकदा टोचायचं फ्रुनेव्हेटमॅब हे इंजेक्शन युरोपात २०२१ मध्ये आणि अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये मान्य झालं. ते आपल्या मांजराला लागू आहे का, हे डॉक्टरांना विचारता येईल. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांबद्दल मात्र फार आशा धरू नये, त्यांचा पुरावा कच्चा आहे.

वजन जास्त असेल तर ते उतरवणं हाही उपचारच. पण उपास नको. मांजरानं दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास घट पुरे. दुधात हळद घालून पाजण्याचाही उपयोग नाही, मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही.

घरात थोडे बदल करावेत. गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा पायपुसणी अंथरावीत. पलंगाशेजारी आणि खिडकीपाशी पाट, चौरंग, मोडा असे टप्पे ठेवावेत. पाणी-जेवण पाटावर थोडं उंच ठेवावं. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची फरशी गारठते, तेव्हा उबेच्या कोपऱ्यात गोधडी घालावी. बाल्कनीला जाळी हवीच, कारण दुखऱ्या पायांची उडी चुकते. आणि हालचाल पूर्ण बंद करू नये. दोरीमागे दोन मिनिटं चालणंही स्नायू टिकवतं.

दवाखान्यात मांजर घाबरून गोठून बसतं, तिथे त्याची चाल दिसत नाही. म्हणून निघण्यापूर्वी घरातच जिना उतरताना, सोफ्यावर चढताना मोबाइलवर व्हिडिओ काढावा. नेहमीचे डॉक्टर असोत, औंधचं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असो की शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, तो व्हिडिओ सगळीकडे कामी येतो. दहा वर्षांनंतर वर्षातून दोनदा तपासणी करून घ्यावी, कारण दात आणि मूत्रपिंडाचे आजारही मांजराला सांधेदुखीसारखेच झोपाळू करतात. औषध सुरू करताना मांजर पूर्वी करायचं अशा दोन-तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात : खिडकीत बसणं, दाराशी यायला धावणं, स्वतःची शेपटी चाटणं. तीन-चार आठवड्यांनी त्याच कागदावरून पाहावं, त्यांतलं काय परत आलंय आणि डॉक्टरांना ते तसंच सांगावं.