शेतकऱ्यांच्या बँकेची वास्तू

बँकेची इमारत कशी दिसावी, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारत नाही. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, खेडोपाडी शाखा निघाल्या. पण त्यांपैकी कितीतरी भाड्याच्या गाळ्यांत थाटल्या गेल्या. लोखंडी जाळी, काउंटर आणि वर पाटी, झाली बँक! म्हणूनच अमेरिकेतील एका लहान गावच्या बँकेची हकीकत मला येथे सांगावीशी वाटते.

मिनेसोटा राज्यातील ओवाटोना हे शेतीचे आणि दूधदुभत्याचे गाव. तेथील नॅशनल फार्मर्स बँकेच्या कार्ल बेनेट यांना नवी इमारत बांधायची होती. त्या काळी बँक म्हटली की ग्रीक किंवा रोमन देवळासारखे दगडी खांब, हा तिकडचा शिरस्ता. शेणामातीचे बूट घालून आलेला शेतकरी अशा दारात बिचकणारच. बेनेट यांना हे देऊळ नको होते. लुई सलिव्हन या शिकागोच्या वास्तुशिल्पज्ञाचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी थेट त्यालाच बोलावले. उंच पोलादी सांगाड्याच्या इमारतींना त्यांचे स्वतंत्र रूप देणारा हा थोर माणूस. पण १८९५ मध्ये भागीदार ॲडलरपासून वेगळा झाल्यावर त्याची कामे आटत चालली होती.

१९०८ मध्ये इमारत उभी राहिली. तिच्यात रोमन खांब नाहीत. आणि, मला हे अधिक मोलाचे वाटते, गोठ्याची किंवा धान्याच्या कोठाराची नक्कलही नाही. खेड्यासाठी बांधायचे म्हणजे खेडवळ सोंग आणायचे, असे सलिव्हनने मानले नाही. मुख्य भाग म्हणजे सुमारे ६८ फूट लांबीरुंदीची एक भक्कम चौरस पेटी. खाली तांबूस वालुकाश्म, वर विटा, आणि रस्त्याकडच्या दोन्ही भिंतींत सुमारे ३६ फूट रुंदीची एकेक प्रचंड कमान, रंगीत काचांनी भरलेली. विटाही एकरंगी नाहीत. खरबरीत पृष्ठभागाच्या, भट्टीत कमीअधिक भाजल्यामुळे निरनिराळ्या छटा आलेल्या विटा त्याने मिसळून लावल्या. त्यामुळे दुरून पाहताना भिंत एखाद्या जुन्या गालिच्यासारखी भासते.

आत गेल्यावर मात्र खरे नवल आहे. कमानींतून येणारा उजेड काचांमुळे हिरवट होऊन खाली उतरतो. सजावटीचे रंग ठरविताना, १९०८ च्या वसंतात, आपण उघड्यावर हिंडून रंगांचा अभ्यास करीत असल्याचे सलिव्हनने बेनेटला कळविले होते. ऑस्कर ग्रोस या चित्रकाराने भिंतींवर चरणाऱ्या गाई आणि पिकाची कापणी रंगविली. पानाफुलांची बरीचशी नक्षी सलिव्हनचा सहकारी जॉर्ज एल्म्स्ली याच्या हातची. छताखाली लोंबणारे चार दिवे प्रत्येकी दोन टनांहून जड आहेत. गाय ही बँकेत रंगविण्याजोगी गोष्ट आहे, हे मानणेच मला धाडसाचे वाटते. ज्याच्या कष्टांवर ठेवी जमतात, त्याचे जगणे तेथे भिंतीवर मानाने बसले. शिवाय शेतकऱ्यांना बसण्याबोलण्यासाठी एक खोली राखली होती, आणि स्त्रियांसाठीही वेगळी.

एवढे करूनही बँक तगली का? नाही. पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले, शेतकरी कर्जात रुतले आणि १९२६ मध्ये ही बँक बुडाली. भिंतीवरच्या गाई काही कर्ज फेडीत नाहीत! सलिव्हन त्याआधीच, १९२४ मध्ये, हलाखीत वारला होता. ओवाटोनानंतर त्याने लहान गावांत आणखी सात इमारती बांधल्या, त्यांतही बहुतेक बँकाच. शिकागोच्या गगनचुंबी इमारतींचा हा माणूस अखेरीस गावोगावच्या पेढ्या बांधीत राहिला.

इमारत मात्र टिकली आणि दुसऱ्या बँकेकडे गेली. १९४० मध्ये नूतनीकरणाच्या नावाखाली आतील पुष्कळसे मूळ काम काढून टाकले गेले. पुढे १९५० नंतरच्या दशकात हार्वेल हॅरिस या वास्तुशिल्पज्ञाने, उरलेले जपत, तिला पुन्हा सावरले. १९८१ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढले.