लोणारचे विवर आणि छायामुद्रणातील छटाभेदाचे नियमन

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर बेसाल्ट खडकात निर्माण झालेले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. ते ज्वालामुखीजन्य की उल्काजन्य, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तेथील खडकांतील आघाताच्या खुणा दाखविल्या व दुसऱ्या मतास बळकटी आली. काठावरील लाव्हाथरांचा बाहेरच्या बाजूस असलेला कल, हीदेखील अशीच एक खूण होय. ती कृष्णधवल छायाचित्रात दाखविताना मात्र अडचण येते. काळपट बेसाल्ट आणि सरोवराकाठी उन्हात चमकणारे क्षार एकाच चौकटीत येतात.

निगेटिव्हमध्ये दोहोंचा तपशील असला तरी तो कागदावर उतरेलच असे नाही. मध्यम श्रेणीच्या कागदावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या सर्व छटा प्रकाशाच्या सुमारे ११ पट फरकातच संपतात. निगेटिव्हमधून येणाऱ्या प्रकाशातील फरक याहून अधिक असल्यास एक टोक कोरे पडते किंवा दुसरे काळोखात बुडते; तेथे मृदू श्रेणीचा कागद हवा. फरक कमी असल्यास चित्र करडे व निस्तेज दिसते. तेथे कठोर श्रेणी उपयोगी पडते.

पूर्वी प्रत्येक श्रेणीसाठी निराळा कागद ठेवावा लागे. १९४० साली इलफर्ड कंपनीने मल्टिग्रेड कागद आणला आणि एकाच कागदावर श्रेणी बदलणे शक्य झाले. अशा कागदाच्या पायसावर हिरव्या प्रकाशाने मृदू व निळ्या प्रकाशाने कठोर छटाभेद उत्पन्न होतो. पिवळा फिल्टर निळा प्रकाश अडवितो, म्हणून चित्र मृदू होते; किरमिजी फिल्टर हिरवा प्रकाश अडवितो, म्हणून ते कठोर होते.

कामाचा क्रम साधा आहे. प्रथम चाचणीपट्टीवरून, क्षारांच्या पांढऱ्या भागात किंचित छटा येईल इतका प्रकाशनकाल ठरवावा. नंतर बेसाल्टच्या सावल्या पाहाव्यात. त्या करड्या दिसल्यास श्रेणी कठोर करावी; त्यांतील थर बुजल्यास मृदू करावी. श्रेणी बदलली की प्रकाशनकाल पुन्हा तपासावा लागतो. एवढ्यानेही न भागल्यास सावलीचा भाग प्रकाशनाच्या वेळी काही काळ हाताने झाकावा, आणि क्षारांच्या भागास मृदू फिल्टरमधून अधिक प्रकाश द्यावा. निर्णय मात्र वाळलेल्या प्रतीवरूनच घ्यावा; कारण ओली प्रत वाळल्यावर थोडी गडद होते.

अतिकठोर प्रत प्रथमदर्शनी आकर्षक वाटते; परंतु तिच्यात थरांमधील सीमारेषा नाहीशा होतात आणि पुरावा म्हणून ती निरुपयोगी ठरते. उलट, एखादाच भाग अवाजवी उजळल्यास खडकात नसलेला भेद चित्रात दिसू लागतो. म्हणून शास्त्रीय लेखासोबत छापावयाच्या प्रतीच्या मागे कागदाची श्रेणी, फिल्टर आणि स्थानिक फेरफार यांची नोंद करणे इष्ट होय. अशी नोंद असल्यास, चित्रातील भेद खडकाचा की काळोख्या खोलीतला, हे वाचकास तपासून पाहता येते.