वरची आळी

कोयनेच्या जलाशयाकाठच्या आमच्या तापोळ्याला कुणी 'मिनी काश्मीर' म्हटलं की पोटात तुटतं. आता 'नवीन महाबळेश्वर' या गिरिस्थान प्रकल्पाचे नकाशे आमच्या डोंगरांवर पसरलेत. रोजगार येणार म्हणतात. 1954 साली कोयना धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा वीज येणार होती.

त्याआधीचं सांगण्यासारखं थोडंच. नाचणी, वरी, नदीकाठची भातखाचरं आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमच्या गावाला दोन आळ्या. खालची जाणार, वरची राहणार. खालच्या आळीने घरं आपल्याच हातांनी उतरवली. आधी कौलं, मग वासे, मग तुळया. चुलत्यांनी उंबरठासुद्धा पहारीने काढला, आणि आजी त्या सुट्या लाकडाला हळदकुंकू लावत बसली होती. कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी रायगड-ठाण्याकडे. भावकी चार जिल्ह्यांत फाटली.

आमचं घर वरच्या आळीत. घर राहिलं, म्हणून कचेरीने आम्हाला धरणग्रस्त मानलं नाही. खाचरं मात्र एकूण एक पाण्यात होती. नुसतं घर खाऊन कुणी जगतं का? वडिलांनी त्या एका दाखल्यासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले. लाँच चुकली की रात्र धक्क्यावर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आम्ही गाळपेर करायचो. चिखलातून बांधाचे दगड वर येत. वडील बोटाने दाखवायचे, "हितनं तितवर आपलं."

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. पाण्याने सोडलेलं घर त्याने घेतलं. आम्ही अंगणात घोंगड्या पांघरून उजाडायची वाट बघत होतो.

पुढचं भराभर सांगतो. पुनर्वसनाचा कायदा राज्यात आला 1976 साली, आमची खालची आळी उठल्यावर. 1985 ला अभयारण्य, 2010 ला व्याघ्र प्रकल्प. दरवेळी राहिलेल्यांवर नवी बंधनं. पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरवून कोयनेची वीज 1960 मेगावॉटवर गेली. माझी आई रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात गेली.

या वेळी तरी आराखड्यावर सही करण्याआधी बुडीत खाचरांचे जुने सातबारे काढा. वरच्या आळ्यांच्या वारसांची नावं आधी लिहा, रिसॉर्टची मागाहून. बांधावर बोट ठेवून हद्द सांगणारे आमच्या गावात आता दोघेच उरलेत.